रा. रा. बेंचकर

नवी मुंबईत ‘एजंट’ हा शब्द निघाला की ऐकणारा आधी ‘किती घेतो?’ विचारतो आणि मग ‘कशाचा?’. सिडकोची खोली नावावर करायची, एजंट. गाडीचं लायसन, एजंट. साडेबारा टक्क्यांतला भूखंड, एजंट. आणि त्या एजंटापर्यंत नेऊन सोडणाराही एजंटच. नेरूळचं माझं घर मला एकाने दाखवलं आणि किल्ली दुसऱ्याने दिली. दोघांचं आपसात बोलणं नव्हतं, दलाली मात्र दोघांनी सारखीच मागितली. मी जिथे नोकरी करतो त्या मसाला बाजारात तर एजंट म्हणजे साक्षात अडत्या. माल एकाचा, पैसा दुसऱ्याचा आणि मधे बसून घाम पुसणार हा.

त्यामुळे २०२५ च्या आषाढात शेठच्या भाच्याने गाळ्यात येऊन “मामा, आता आपण एजंट लावू” असं जाहीर केलं, तेव्हा शेठनी हातातली धण्यांची मूठ न सोडता विचारलं, “टक्के किती?”

“टक्के नाही. टोकन घेतो.”

“टोकन देऊन टाकू. बाकीचे कधी द्यायचे?”

आमच्याकडे टोकन म्हणजे बयाणा. भाच्याकडे टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. हा एजंट म्हणजे माणूस नव्हे, संगणकातला कार्यक्रम. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं, तो आपणहून सॉफ्टवेअरमध्ये शिरतो, हवं ते शोधतो, नोंदी करतो, आणि जेवढं वाचेल-लिहील तेवढ्या तुकड्यांचे पैसे त्याची कंपनी घेते. शिवाय इंग्रजीपेक्षा मराठीचे तुकडे जास्त पडतात, म्हणजे तीच गोष्ट मराठीत महाग. हे सगळं ऐकून घेऊन शेठ म्हणाले, “बोलण्याचे पैसे? मग ह्याला आपल्या तात्याच्या बाजूला बसवू नका.” तात्या आमचे शिपाई. ते चहाचा कप ठेवताना मंत्रिमंडळ विस्तारापासून सुरुवात करतात.

आमच्या पेढीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. शेठ कच्छी, पेढी तिसऱ्या पिढीची. वडिलांच्या काळी ती मशीद बंदरला होती, तिथून बाजार उठून खाडी ओलांडून आला तशी तीही आली. बाजाराला सगळे वाशी मार्केट म्हणतात. तो तुर्भ्यात आहे. रिक्षावाल्याला ‘तुर्भे मार्केट’ म्हटलं तर तो संशयाने बघतो आणि ‘वाशी मार्केट’ म्हटलं की मुकाट्याने तुर्भ्याला आणून सोडतो. कागदावर एक आणि पायाखाली एक, ही गोष्ट आमच्याकडे पत्त्यापासूनच सुरू होते. पुढच्या सगळ्या प्रकरणाचं बीज त्यातच असावं असं मला आता वाटतं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि वही-खात्यावर चालणाऱ्या पेढ्यांना घाम फुटला. त्या वेळी आम्ही इआरपीनेक्स्ट नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ‘घेतलं’ म्हणजे उतरवून घेतलं. ते मुक्त परवान्याचं, फुकट आहे हे कळल्यावर शेठनी दुसरं काही बघू दिलं नाही. आम्हाला वाटलं होतं, फुकट आहे म्हणजे अमेरिकेतल्या कुणा भल्या माणसाचं असणार. निघालं विद्याविहारचं. ऋषभ मेहता यांनी २००८ साली सुरू केलेली फ्रॅपे टेक्नॉलॉजीज ही मुंबईची कंपनी ते बनवते. वाशीहून हार्बरने कुर्ला, गाडी बदलून पुढचं स्टेशन. जगभर चालणारं सॉफ्टवेअर रिटर्न तिकिटाच्या अंतरावर तयार होतं, याचा आमच्या काकांना फार आधार वाटायचा. काही बिघडलं तर जाऊन बोलता येईल, म्हणायचे. गेले कधी नाहीत.

काका म्हणजे आमचे दिवाणजी. चाळीस वर्षं पेढीवर काढलेली. शेठसुद्धा त्यांना काकाच म्हणत, कारण शेठना आणे-पैचा हिशेब त्यांनीच शिकवला होता. माझ्यावर तर त्यांचे उपकार आहेत. १९९४ साली मी डीबेसच्या काळ्या पडद्यावर, ठिपक्यापुढे, ‘झॅप’ हा शब्द लिहिला आणि आख्ख्या वर्षाची उधारी तीन सेकंदांत माफ केली. ‘नक्की ना?’ असं त्याने विचारलं होतं. मी ‘वाय’ दाबलं होतं. काकांनी एका शब्दाने न रागावता नऊ रात्री मला शेजारी बसवून वहीवरून सगळी उधारी पुन्हा चढवून घेतली. दहाव्या दिवशी म्हणाले, “आता कळलं का, वही का ठेवायची?”

म्हणून इआरपीनेक्स्टमधली कोणती गोष्ट काकांना सगळ्यात जास्त आवडली असेल, तर त्यात खोडरबर नाही ही. कागद आधी कच्चा असतो. तेव्हा तो शून्य. पक्का केला की एक. रद्द केला की दोन. पक्का झालेला कागद बदलता येत नाही. रद्द करायचा आणि त्याचीच सुधारलेली प्रत काढायची, तिच्या नंबराला शेपटी लागते: वजा एक, वजा दोन. म्हणजे कुणी किती वेळा चुकलं ते नंबरावरच लटकत राहतं. काका म्हणाले, “हे कुणीतरी वही लिहिलेल्या माणसाने केलंय.”

मग त्यांनी स्वतः बसून ‘वर्कफ्लो’ आखला. ते त्याला पायऱ्या म्हणायचे. खरेदी असो, पाच हजारांवरचा खर्च असो, नव्या गिऱ्हाइकाला उधारी असो. मी अर्ज करायचा, तो काकांपुढे जायचा, काकांनी ‘मंजूर’ म्हटलं तर पुढे, नाहीतर खाली. शेठच्या खर्चालाही हीच पायरी. शेठ तेव्हा हसले होते.

२०१९ मध्ये काका निवृत्त झाले आणि संगमेश्वर तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. त्यांची पायरी मात्र इथेच राहिली. ती काढायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि गरजही नव्हती, कारण काकांचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली, दत्तगुरूंच्या फोटोच्या मागे ठेवलेला होता. मी माझ्या नावाने अर्ज करायचा, बाहेर पडायचं, काकांच्या नावाने आत शिरायचं, मंजूर म्हणायचं, पुन्हा बाहेर. सहा वर्षं काका गावी गुरं बघत होते आणि इथे रोज नेमाने खर्च मंजूर करत होते. निवृत्तीनंतर इतकं काम केलेला माणूस आमच्या बाजारात दुसरा नसेल.

भाचा ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत आहे. तीन महिने तो ‘बेंचवर’, म्हणजे प्रोजेक्टविना, होता. आमच्या वेळी बेंचवर उभं करत. आता बेंचवर बसवून पूर्ण पगार देतात, तरी पोरांचे चेहरे उभं केल्यासारखेच असतात. योगायोग असा की इआरपीनेक्स्टच्या पोटात शिरायची जी कमांड लाइन आहे तिचंही नाव बेंचच. काळ्या पडद्यावर ‘बेंच’ लिहायचं, पुढे काय हवं ते: बेंच बॅकअप, बेंच मायग्रेट, बेंच रीस्टार्ट. ‘बेंच डॉक्टर’ नावाचीही एक कमांड आहे. ती लिहिली की मागे चालणारी कामं अडकली आहेत का ते सांगते. शेठना ती एकदम पटली. फी किती, एवढंच त्यांनी विचारलं.

मला मात्र तो काळा पडदा बघून पोटात गोळा आला. माणसाने आयुष्यात किती वेळा तेच शिकायचं? १९९४ च्या प्रकरणानंतर मी काळा पडदा सोडला. माऊस शिकलो, उजव्या बोटाने दाबायचं आणि डाव्या, यांतला फरक शिकायलाच एक पावसाळा गेला. आता निवृत्तीला चार वर्षं उरली असताना भाचा म्हणतो, चित्रं-बटणं जुनी झाली, काळा पडदा हेच भविष्य!

त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. हे एजंट शब्दांवर पोसलेले. बटण कुठे आहे, ते हिरवं की निळं, यात त्यांचा वेळ आणि आपले टोकन जातात. त्यापेक्षा एक ओळ लिहायची, एक ओळ वाचायची, हे त्यांना सोपं. एजंटांना सॉफ्टवेअरशी जोडायला अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची एक पद्धतही काढली आहे, पण भाच्याच्या मते आमच्यासारख्या एका गाळ्याच्या संसाराला तेवढा घाट नको, कमांड लाइन पुरे. ही कमांड लाइनची तऱ्हा १९६९ पासूनची, बेल लॅब्समधल्या युनिक्सची. त्यात १९७३ साली डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने एक उभी रेघ आली, पाइप म्हणतात तिला. रेघेच्या डावीकडच्याचं उत्तर उजवीकडच्याच्या तोंडात जातं. आपल्याकडे उभी रेघ म्हणजे श्लोक संपला, हात जोडा. त्यांच्याकडे उभी रेघ म्हणजे आता पुढच्याने ओझं उचला. माथाडी बांधवांना हे मी समजावून सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, “मग आमीच पाइप की.”

शेठनी मात्र दोन मिनिटांत ओळखलं. “हे रुमालाखालचं आहे,” ते म्हणाले. शेजारच्या फळबाजारात हापूसचे सौदे हातावर रुमाल टाकून होत आले. बोटं दाबायची, आकडा ठरायचा. बघ्याला फक्त रुमाल हलताना दिसतो. भाचा काळ्या पडद्यावर काहीतरी खरडतो, पलीकडून काहीतरी उमटतं, आणि आपण बघे. “पण रुमालाखाली निदान दोन हात असतात,” शेठ म्हणाले. “ह्याच्यात दुसरा हात कोणाचा?”

दुसऱ्या हाताला सॉफ्टवेअरमध्ये नाव द्यावं लागतं. भाच्याने नव्या वापरकर्त्याच्या फॉर्मवर ‘एजंट’ लिहिलं आणि पुढे जाणार तोच शेठनी हात धरला. “आडनाव?”

“मामा, आडनाव नसलं तरी चालतं.”

“तुझ्या कंपनीत चालत असेल. बिनआडनावाचा माणूस मी गाळ्यात घेतला नाही, घेणार नाही.”

बेंचवरून आलेला म्हणून मी ‘बेंचकर’ सुचवलं. मला वाटलं होतं हसतील. शेठनी मान हलवली आणि भाच्याने ते लिहून टाकलं. मग बेंचकरला एक एपीआय किल्ली आणि एक गुपित, अशी दोन लांबलचक अक्षरमाळा मिळाली. अधिकार कोणते द्यायचे यावर भाचा क्षणभर थांबला आणि त्याने सगळेच दिले. “नंतर कमी करू,” म्हणाला. घर घेताना माझ्या पहिल्या एजंटानेही ‘नंतर बघू’ असंच म्हटलं होतं. दोष सॉफ्टवेअरचा नाही, एजंटाचाही नाही, हे मी इथे लिहून ठेवतो.

बेंचकरने कामावर आल्या आल्या पहिली गोष्ट केली ती अशी, की त्याने मदतीची पानं उघडून वाचून काढली. सगळी. पेढीच्या इतिहासात सूचना वाचून कामाला लागलेला हा पहिला कर्मचारी. तात्या बराच वेळ दारात उभे राहून बघत होते. “चहा तरी घेतो का?” त्यांनी विचारलं.

पहिला तासभर वेलांट्यांनी घालवला. काळ्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला एकसारखी चौकोनी खोली मिळते, सिडकोच्या वन-रूम-किचनसारखी, आणि आपल्या अक्षरांची कुटुंबं मोठी. जोडाक्षरं फुटली, रफार खाली आले, आणि ‘मिरची’ची वेलांटी म च्या घरातून निघून र च्या दारात जाऊन बसली. पडद्यावर दिसू लागलं ‘मरिची’. मरिच म्हणजे संस्कृतात मिरे. मिरचीच्या भावात मिरे दिसल्यावर शेठ खुर्चीतून उठलेच. भाच्याने शपथेवर सांगितलं की आत सगळं ठीक आहे, फक्त पडद्याला मराठी नीट दिसत नाही. “तुझ्या आईसारखं,” शेठ पुटपुटले. त्यांच्या बहिणीला जवळचा चष्मा लागला आहे आणि ती तो लावत नाही.

मग बेंचकरने मालाची यादी तपासली. शहाजिरे आमच्याकडे चार ठिकाणी होते: शहाजिरे, शाहजिरे, शहाजीरे आणि एक नुसतंच ‘ते काळं जिरं’. चौथी नोंद माझी. ‘फुले’ या गटात आम्ही दगडफूल घातलं होतं. बेंचकरने नम्रपणे कळवलं की दगडफूल हे फूल नाही आणि दगडही नाही, ते शैवाक आहे. तीस वर्षं मी ते विकतोय. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “गोड्या मसाल्यात घालायचं का नाही ते सांग.”

खर्चाच्या नोंदींत त्याला ‘उसने’ सापडले. नियमांत उसने हा प्रकार नाही, नोंदी मात्र भरपूर आहेत, यांचं काय करायचं? शेठ म्हणाले, सोड. त्याने सोडलं. आणि मग त्याने तो प्रश्न विचारला.

आपल्याकडे एक मंजुरी अधिकारी आहेत, बेंचकर म्हणाला (म्हणाला म्हणजे पडद्यावर उमटलं). ते रोज आपल्याच संगणकावरून आत येतात. या टेबलावरचे गृहस्थ अर्ज करतात आणि अर्ध्या मिनिटाच्या आत हे मंजूर करतात. सहा वर्षांत त्यांनी एकही अर्ज नाकारलेला नाही. दोघे एकाच वेळी आत असल्याची मात्र एकही नोंद नाही.

गाळ्यात शांतता पसरली. मी दत्तगुरूंकडे बघितलं. ते काचेखालून बघत होते.

पासवर्ड वाटला गेलेला दिसतो, बेंचकर पुढे म्हणाला. तो बदलण्याचा दुवा मी या गृहस्थांच्या नोंदवलेल्या ई-मेलवर पाठवू शकतो. शिवाय मंजुरीसाठी कागद आला की त्यांना मेल जावा अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती बंद आहे, ती चालू करतो. करू का? आणि खाली तीन पर्याय: एक, हो. दोन, हो, आणि अशा कामांसाठी पुन्हा विचारू नकोस. तीन, नाही.

भाचा बाणाच्या बटणाने एकवरून खाली, तीनकडे निघाला होता. दोनवर पोचला आणि त्याच क्षणी खाली टेम्पोतून उतरवताना तेजा मिरचीचं एक पोतं फुटलं.

तेजा म्हणजे काय हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळणार नाही. ब्याडगी रंगाने बोलते, तेजा थेट नाकात शिरते. मसाला बाजारात शिंकेला अपशकुन मानत नाहीत, नाहीतर आजवर इथे एकही सौदा झाला नसता. पण सौदा तोंडाने होतो, फिरवता येतो. कमांड लाइनवर शिंक आली आणि हात एंटरवर असला तर ती सही असते. भाचा शिंकला. पडद्यावर एक ओळ उमटली: झाले.

काकांचा मेल पत्ता त्यांच्या नातवाने २०१७ मध्येच काढून दिला होता. तो काका वापरत असतील असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. चिठ्ठीवरचा पासवर्ड चालेना, तेव्हा भाचा म्हणाला, काळजी नको, मी एका मिनिटात सगळं पूर्ववत करतो. शेठ म्हणाले उद्या कर, आज डोळे फार चुरचुरताहेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजून काही मिनिटांनी पहिला नकार आला. अर्ज बारदानाच्या खरेदीचा होता. शेरा: “बारदान एवढं महाग कधीपासून? दोन दुकानं सोडून विचारावं. हे मी शिकवलेलं आहे.”

मी दोन दुकानं सोडून विचारलं. नगामागे दोन रुपये कमी निघाले. शेठनी भाच्याचा हात कीबोर्डवरून अलगद बाजूला केला. “थांब जरा,” म्हणाले.

पुढे रोज असंच. दिवसभर काही नाही, आणि पाचनंतर मंजुऱ्या-नामंजुऱ्यांची झुंबड. गावात रेंज नाही. काका गुरं घेऊन सड्यावर चढले की मोबाइल जागा होतो. तुर्भ्यातल्या हळदीचं भवितव्य संगमेश्वरच्या सड्यावर, म्हशी चरत असताना ठरू लागलं. टेम्पोवाले विचारत, पेमेंट कधी? आम्ही घड्याळ बघून सांगायचो, म्हशी वर गेल्या की.

काका मेलला उत्तर म्हणून जे लिहितात ते त्या त्या कागदाखाली येऊन चिकटतं, आणि तिथे आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं काम बेंचकरचं. काकांना वाटलं, नवा कारकून ठेवलाय. त्यांचं पत्र ‘रा. रा. बेंचकर यांस, स. न. वि. वि.’ने सुरू व्हायचं, मग पाऊसपाणी, मग मुद्दा. चार दिवसांत बेंचकरही ‘ती. काकांस सा. न.’ लिहू लागला. टोकनचं बिल फुगलं. भाच्याने हिशेब करून दाखवलं की बिलातला बराच भाग निव्वळ नमस्कारांचा आहे. ते कमी करायचे का? शेठ म्हणाले, “माणसाने नमस्कार पण करू नये?”

एकदा काकांनी विचारलं, आपण बेंचकर म्हणजे मूळ कुठले? गाव कोणतं? बेंचकरने खरं तेच सांगितलं: मी संगणकातला कार्यक्रम आहे, मला गाव नाही. मी धसका घेऊन उत्तराची वाट बघत बसलो. पाच वाजता आलं. “गाव नाही म्हणता, हरकत नाही. मुंबईत गेलेल्या पुष्कळांचं तसंच झालं आहे. कामात चोख आहात, हे महत्त्वाचं.”

मला झोप लागेना ती वेगळ्याच कारणाने. प्रत्येक कागदाच्या पोटात त्याची सगळी हकीकत असते: कुणी केला, कुणी मंजूर केला, केव्हा. खोडरबर नाही, हे तर काकांचंच लाडकं वैशिष्ट्य. आणि आता काका आत होते, पावसाचे दिवस होते, आणि म्हशी काही फार वेळ लक्ष मागत नाहीत. एका संध्याकाळी मला स्वतंत्र मेल आला. “सन २०२१ मध्ये ‘छत्र्या, ४० नग’ हा खर्च मी मंजूर केल्याचं दिसतं. मला आठवत नाही. वयोमानाने विसरलो असेन. छत्र्या चांगल्या निघाल्या का?”

गाळ्यात माणसं अकरा. मी तो मेल सहा वेळा वाचला. त्यात रागाचा एक शब्द शोधत होतो; सापडला असता तर बरं वाटलं असतं. शेवटी उत्तर लिहिलं की छत्र्या गिऱ्हाइकांना दिवाळीभेट म्हणून दिल्या होत्या. हे निम्मं खरं आहे. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: “दिवाळीत छत्र्या. बरं.”

त्यानंतर आठवड्याला एखादी विचारणा येते. २०२० सालचा पंखा. २०२२ ची जेवणावळ. दर वेळी “मला आठवत नाही, वयोमान”. मी आता अर्ज करताना दोन दुकानं सोडून विचारतो, तिसऱ्याची पावतीही जोडतो. शेठना मी काहीच सांगितलेलं नाही, पण जेवणावळीची विचारणा त्यांनाही थेट गेली असावी, कारण त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

जुलै संपता संपता भाच्याला प्रोजेक्ट मिळालं आणि तो बेंचवरून उठला. रात्रपाळी आहे, सध्या फोन उचलत नाही. पायरी काढायची कशी हे पुन्हा कुणालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी काकांना ‘आता तुमची गरज नाही’ हे कळवायचं कुणी? बेंचकरला विचारून बघितलं. तो म्हणाला, अधिकार आपला आहे, मी करू शकतो, पण पायरी काढल्याचा मेल संबंधितांना जाईल. शेठ म्हणाले, राहू दे.

गेल्या आठवड्यात शेठच्या केबिनचा एसी बंद पडला. दुरुस्तीवाल्याने नवा घ्या म्हणून सांगितलं. बाहेर पाऊस, आत उकाडा, आणि खिडकी उघडली की तेजा. तीन दुकानांची दरपत्रकं जोडून मी शेठच्या नावाने अर्ज टाकला. सोमवारी पाच वाजले, मंगळवारी पाच वाजले. बुधवारी शेठ स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. “बेंचकरला विचार, काय झालं?”

मी विचारलं. काळ्या पडद्यावर फुटक्या जोडाक्षरांत उत्तर उमटलं. स्थिती: प्रलंबित. शेरा: लावणी चालू आहे, वर जाणं होत नाही. एसीचं गणपतीनंतर बघू. पंखा २०२० मध्ये घेतलेला आहे.

शेठ बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. रुमालाने मान पुसली.

“पाऊस कसा आहे म्हणावं तिकडे?”